‘अस्मितेचे राजकारण’ हा प्रतिशब्द नेमका आहे का?

डाव्या पक्षांच्या ऱ्हासावरील लेखांत ‘अस्मितेचे राजकारण’ हा शब्दप्रयोग हमखास भेटतो. तो ‘आयडेंटिटी पॉलिटिक्स’चा प्रतिशब्द म्हणून वापरला जातो खरा, पण मला तो खटकतो.

‘अस्मिता’ हा शब्द ‘अस्मि’, म्हणजे ‘मी आहे’, यावरून आला. पतंजलीच्या योगसूत्रांत तो पाच क्लेशांपैकी एक, म्हणजे घालवण्याजोगा दोष आहे. मराठीत त्याला अभिमानाचा अर्थ चिकटला. अस्मिता जपतात, ती दुखावते, डिवचली जाते. ओळख मात्र दुखावत नाही.

मूळ इंग्रजी संज्ञा बॉस्टनमधील कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या ‘कम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’ या गटाच्या १९७७ सालच्या निवेदनात ठळकपणे आढळते. आपल्या वाट्याला आलेल्या दडपणुकीतूनच आपले राजकारण उभे राहते, असा तेथे तिचा अर्थ आहे. शिवाय हा गट स्वतःला समाजवादी म्हणवत होता आणि भांडवलशाही व पितृसत्ता नष्ट झाल्याखेरीज मुक्ती नाही, असे मानत होता. त्यात मिरवण्याचा भाग नाही, सोसण्याचा आहे. ‘अस्मिता’ म्हटले की नेमके हेच झाकले जाते.

याचा परिणाम निव्वळ भाषिक नाही. ‘अस्मितेच्या नादी लागून डावे बुडाले’ या वाक्यात निकाल शब्दातच दिलेला असतो आणि पुरावा तपासायचे राहून जाते. ग्रीसमधील पासोक या समाजवादी पक्षाला २००९ मध्ये सुमारे ४४ टक्के मते होती, ती जानेवारी २०१५ मध्ये ५ टक्क्यांच्याही खाली आली. मधल्या काळात या पक्षाने कर्जसंकटापायी वेतन आणि निवृत्तिवेतन कापणारी धोरणे राबवली होती. अशा घसरणीला पुढे ‘पासोकीकरण’ असे नावच पडले, आणि त्या नावामागची गोष्ट मुख्यतः पोटापाण्याची आहे.

मग ‘ओळखीचे राजकारण’ म्हणावे का? तेथेही पंचाईत आहे, कारण ‘ओळखीने काम झाले’ म्हणणाऱ्या मराठी कानाला त्यात वशिला ऐकू येतो. ‘ओळखाधारित’ हा शब्द तर जिभेवर अडखळतो. म्हणून राष्ट्र, वंश वा भाषा यांच्या अभिमानाला साद घालणाऱ्या राजकारणासाठी मी ‘अस्मिता’ राखून ठेवतो, आणि एरवी ‘सामाजिक ओळखीवर उभे राहिलेले राजकारण’ असे लांबलचक का होईना, पण लिहितो.