मदत हवी आहे: फॉस्फोरिलेशनची मोजमापे चयापचयाच्या मॉडेलमध्ये कशी बसवावीत?

अराबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीच्या पानांतील प्रथिनांच्या फॉस्फोरिलेशनची (म्हणजे त्यांवर फॉस्फेट बसण्याची) उजेडातील आणि अंधारातील मोजमापे माझ्याकडे असून, ती कोब्रापाय ही पायथनमधील संगणक-प्रणाली वापरून अराजेम या त्याच वनस्पतीच्या चयापचय मॉडेलमध्ये बसवण्याचा प्रयत्न चालू आहे. फॉस्फेट बसणाऱ्या प्रत्येक जागेचे उजेड-अंधार गुणोत्तर त्या प्रथिनाच्या एकूण प्रमाणाने आधीच भागून घेतले आहे, त्यामुळे ती शंका नसावी.

प्रथम मी गुणोत्तरानुसार अभिक्रियांच्या वेगाच्या (फ्लक्सच्या) वरच्या मर्यादा बदलल्या; परंतु मूळ मर्यादा सरसकट १००० असल्याने त्या निम्म्या करूनही फ्लक्स व्हेरिएबिलिटी ॲनालिसिसमध्ये (प्रत्येक अभिक्रियेचा किमान व कमाल शक्य वेग काढणाऱ्या विश्लेषणात) काहीच हलले नाही. मग त्या विश्लेषणातून मिळालेली कमाल मूल्येच मर्यादा म्हणून घेतली, आणि तेव्हा खरी अडचण समोर आली, ती म्हणजे परिणामाची दिशा. नायट्रेट रिडक्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) एनआयए२ या रूपातील सेरिन ५३४ या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसून १४-३-३ प्रथिन जोडले गेले की हे विकर मंदावते. उलट पीईपी कार्बोक्सिलेज या विकराच्या एन-टोकाजवळील सेरिनवर फॉस्फेट बसले की मॅलेटचा अडसर कमी होऊन ते अधिक जोमाने चालते. दिशा अशी ठाऊक असलेल्या जागा माझ्या यादीत मोजक्याच आहेत.

अभिक्रियांचे प्रत्यक्ष वेग काढण्यासाठीच्या कार्बन-१३ लेबलिंगची माहिती माझ्याकडे नाही, आणि नवे प्रयोग करणे शक्य नाही.

तेव्हा दिशा अज्ञात असलेल्या जागांच्या मर्यादा मोकळ्या ठेवून, फ्लक्स सॅम्पलिंगनंतर (शक्य वेगांचे यादृच्छिक नमुने घेतल्यावर) केवळ बदलांची तुलना करावी, की दोन्ही दिशा गृहीत धरून मॉडेल स्वतंत्रपणे चालवावे? आणि एकाच अभिक्रियेच्या अनेक समविकरांपैकी (तीच अभिक्रिया घडवणाऱ्या वेगवेगळ्या विकरांपैकी) एकाचीच नोंद असेल, तर मर्यादेत तिचा वाटा किती धरावा?