व्हिएन्ना १८१५: सत्तासमतोलाने युरोप सावरला की पोलंडचा बळी घेतला?

रानवाटा
शाळेपासून आपण एकच ऐकत आलो: व्हिएन्ना परिषद, म्हणजे नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपची नव्याने वाटणी करायला १८१४-१५ मध्ये भरलेली बैठक, हा राजेरजवाड्यांनी घड्याळाचे काटे मागे फिरवायचा केलेला खटाटोप. मला हे पटत नाही. वीस-बावीस वर्षं युरोप पेटलेला होता, तरी नेपोलियन पडल्यावर कुणी फ्रान्सचे लचके तोडले नाहीत. उलट फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ वाटाघाटींना बसला. रशियाला जवळपास सगळं पोलंड आणि प्रशिया या जर्मन राज्याला शेजारचं अख्खं सॅक्सनी हवं होतं. ते अडवायला ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन आणि ऑस्ट्रियाने याच कालच्या शत्रूशी गुप्त तह केला! नेपोलियन परत आला आणि वॉटर्लूच्या लढाईत कायमचा हरला, त्यानंतर फ्रान्सला दंड बसला खरा, ७० कोटी फ्रँक आणि दीड लाख परकी सैनिकांचा तळ. पण ते सैन्य १८१८ मध्येच, मुदतीआधी परत गेलं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ ला जर्मनीला वाटाघाटींत जागाच दिली नाही, पुढच्या वीस वर्षांत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते सत्तासमतोल, म्हणजे कुणा एकाच सत्तेचं पारडं जड होऊ न देणं, हा त्यातल्या त्यात माणुसकीचा मार्ग होता.

मास्तरीण
माणुसकीचा? मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते, म्हणून हा शब्द टोचला. सॅक्सनी आणि पोलंडचा तिढा सुटेना तेव्हा व्हिएन्नात एक सांख्यिकी समिती नेमली गेली. तिचं काम काय, तर कुठल्या मुलखात किती 'आत्मे' आहेत ते मोजायचं, म्हणजे प्रशियाची १८०५ ची लोकसंख्या भरून देता येईल. शेवटी सॅक्सनीची सुमारे दोन-पंचमांश माणसं प्रशियाच्या पदरात टाकली. त्यांना कुणी विचारलं?

आणि हे व्हिएन्नात सुरू झालं नाही. १७७२ ला रशिया तुर्कांवर जिंकत चालला होता आणि ऑस्ट्रिया बिथरला होता. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने तोडगा काढला: तिघांनी पोलंडचा एकेक तुकडा घ्यायचा, म्हणजे कुणाचंच पारडं जड होणार नाही. पोलंडने ३ मे १७९१ ला नवी राज्यघटना केली, घर सावरायला घेतलं, तर १७९३ ला दुसरी फाळणी. १७९५ ला नकाशावरून नावच गेलं, ते १२३ वर्षं. समतोल साधला होता, पोलंडला मधून वगळून.

धोपटमार्ग
दोघंही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताय. अठराव्या शतकातला समतोल युद्ध करूनच राखला जायचा. १८१५ नंतर नवं काय आलं, तर भांडण पेटण्याआधी एकत्र बसायची सवय. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) ब्रिटन आणि फ्रान्स रशियाविरुद्ध लढले, तेव्हा ती सवय मोडली. पुढे १८६६ ला ऑस्ट्रिया आणि १८७० ला फ्रान्स प्रशियासमोर एकटे पडले. समतोल सांभाळणारं कुणी उरलंच नव्हतं.

करवीरकर
मी कोल्हापूरचा. आमच्याजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बायका आणि पोरंच जास्त. १९३९ ला हिटलर आणि स्टालिनने पोलंड वाटून घेतला, सोव्हिएत बाजूची माणसं सायबेरियात पाठवली गेली. तिथून इराणमार्गे ती इथवर आली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. ते बघितलं की नकाशावरची रेघ कुठवर पोचते ते कळतं.

रानवाटा
करवीरकर, १९३९ हा समतोल नव्हता, नुसता दरोडा होता. पण मास्तरीणबाई, 'माणुसकीचा' हा शब्द मी मागे घेतो. बाकीचं म्हणणं सोडत नाही. १८३० ला बेल्जियमने उठाव केला, तेव्हा ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया या पाच सत्ता लंडनला बसल्या आणि १८३९ ला त्याच्या तटस्थतेची हमी दिली. ती ७५ वर्षं टिकली. छोटा देश समतोलामुळेच वाचला.

मास्तरीण
बेल्जियमसमोर ब्रिटनचा किनारा होता, तो प्रबळ सत्तेच्या हाती जाणं लंडनला परवडणारं नव्हतं. पोलंडमधल्या क्राको शहराच्या बाजूला कोण होतं? व्हिएन्नाने त्यालाही 'स्वतंत्र शहर' केलं होतं, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया तिघांच्या संरक्षणाखाली. १८४६ ला तिथे उठाव झाला, आणि त्या तिघांच्याच संमतीने ऑस्ट्रियाने ते शहर गिळलं. लंडन आणि पॅरिसहून निषेधाचे खलिते गेले. सैनिक एकही गेला नाही.