सागवानी जेवणाचे टेबल : जुने पॉलिश पूर्ण काढावे की त्यावरच व्हार्निश लावावे?

नौपाडेकर (प्रश्न)

आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या काळातील सागवानी जेवणाचे टेबल आहे. नौपाड्यातील इमारत पुनर्विकासासाठी रिकामी केल्यावर ते घोडबंदर रस्त्यावरील नव्या घरी आणले. वरच्या फळीवर गरम भांड्यांची पांढरी वर्तुळे उमटली आहेत आणि पूर्वी जेथे पितळी कळशी ठेवली जात असे, त्या कोपऱ्यात काळा डाग आहे. पॉलिशवाल्याच्या मते संपूर्ण टेबल मशीनने घासून त्यावर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर देणारे पॉलिश) मारावे. मला मात्र लाकडाच्या रेषा दिसतील असे साधे व्हार्निश घरीच लावायचे आहे. त्यासाठी जुने पॉलिश पूर्ण काढावे लागेल का, आणि जुलैच्या पावसात हे काम हाती घ्यावे का?

कोपरीकर

आधी जुने पॉलिश कोणते आहे ते पाहावे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. फळीच्या खालच्या बाजूस, जेथे पॉलिशचे ओघळ गेलेले असतात, तेथे स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. पॉलिश चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी रंग उतरला, तर ते लाखेचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते आहे. स्पिरिटने काहीच झाले नाही, पण थिनरने विरघळले, तर ते लॅकर असण्याची शक्यता अधिक. दोन्हींना दाद न देणारे पॉलिश बहुधा व्हार्निश किंवा पीयू असते.

मशीन लावण्यापूर्वी फळीची कड निरखून पाहा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. तसे नसेल तर वर सागाचे व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेले असू शकते आणि मशीनने ते काही क्षणांत फाटून खालचे लाकूड उघडे पडते.

ऐरोलीकर

जुलैत काम करू नका, एवढे मी ठामपणे सांगेन. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि लाखेचे पॉलिश पांढरट पडते. तेलाचे व्हार्निश हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळते. दमट हवेत ते रेंगाळते आणि तोवर दिव्यावर येणारे सारे पावसाळी किडे त्यावर चिकटून बसतात. ठाणे असो वा नवी मुंबई, ऑक्टोबरचे कोरडे ऊन सुरू होईपर्यंत थांबणे उत्तम. तोवर जुने पॉलिश काढूनही ठेवू नका, कारण उघडे लाकूड ओल शोषून घेते.

नौपाडेकर

दोघांचेही आभार. बोळ्यावर गडद तपकिरी रंग उतरला आणि फळी अखंड आहे. काम ऑक्टोबरमध्ये करेन. लाखेच्या पॉलिशवरच व्हार्निश लावले तर चालेल का?

कोपरीकर

वरच्या फळीवर चालणार नाही. लाखेत नैसर्गिक मेण असते आणि त्यावर पीयू व्हार्निश नीट धरत नाही, कालांतराने पापुद्रे सुटतात. शिवाय लाख उष्णतेने मऊ पडते आणि अल्कोहोलने विरघळते. हाताला लावायच्या सॅनिटायझरचा थेंबसुद्धा तिच्यावर डाग पाडतो. म्हणून जेवणाच्या टेबलाची फळी स्पिरिट व जुन्या सुती कापडाने पूर्ण स्वच्छ करावी. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर करावे. पांढरी वर्तुळे पॉलिशच्या थरातच असल्यामुळे त्याच्याबरोबर निघून जातील. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. तो ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने फिका पडतो, पण ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला, नंतर फळी पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

पॉलिश पेपर १२०, १८० आणि शेवटी २२० नंबरचा, नेहमी रेषांच्या दिशेने फिरवावा. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून व्हार्निशच्या थोडे आधी फळी थिनरने पुसून घ्यावी. पहिला हात थोडे टर्पेंटाइन घालून पातळ द्यावा आणि पुढचे दोन हात, डब्यावर दिलेला वेळ पाळून, ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवल्यानंतर द्यावेत. साध्या मॅट व्हार्निशने रेषा अधिक स्वाभाविक दिसतात.

पायांना मात्र हात लावू नका. त्यांवर ना गरम भांडे ठेवले जाते ना पाणी सांडते. तेथील जुनी लाख सुस्थितीत असेल तर मऊ कापडाने पुसून मेणाचे पॉलिश चोळले तरी पुरे.

ऐरोलीकर

एक भर घालतो. व्हार्निश किंवा अळशीचे तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका, त्या वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात. गच्चीत किंवा गॅलरीत पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेकून द्या.