निगेटिव्ह पीस, पॉझिटिव्ह पीस: मराठीत नेमकं काय म्हणायचं?

सायप्रसवर, म्हणजे ग्रीक आणि तुर्की समाजांत दुभंगलेल्या भूमध्य समुद्रातल्या बेटावर, लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडकलेय. शांततेचे नॉर्वेजियन अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६४ मध्ये हा फरक मांडला, निगेटिव्ह पीस म्हणजे थेट हिंसा नसणं आणि पॉझिटिव्ह पीस म्हणजे अन्यायाची मुळं जाऊन माणसं एकत्र नांदायला लागणं. पुस्तकांत सर्रास 'नकारात्मक शांतता' दिसतं, पण त्याने वाचणाऱ्याला वाटतं ही काहीतरी वाईट शांतता. १९७४ नंतर तिथे युद्ध झालं नाही, हजारो जीव वाचले, त्याला वाईट कसं म्हणू?

प्रतिसाद १
अभावात्मक शांतता म्हणा की. न्यायदर्शनातला 'अभाव', हिंसेचा अभाव.

प्रतिसाद २
मग जोडीला 'भावात्मक' येणार आणि लोक ते भावनिक असं वाचणार, गोंधळ वाढेल. सरळ युद्धविराम चालेल ना?

प्रतिसाद ३
युद्धविराम नको, ती एक घटना झाली, गाल्टुंग परिस्थितीबद्दल बोलतायत. मला वाटतं आपल्याकडे थांबणं आणि मिटणं ही क्रियापदं आहेत तीच वापरावीत. बांधावरून भावाभावांत जुंपली आणि तलाठ्याने मोजणीचे दगड लावले तर भांडण थांबतं, मिटत नाही. सायप्रसचं तेच झालंय बघा, १९६३ च्या डिसेंबरात दोन समाजांत दंगली झाल्यावर ब्रिटिश जनरलने हिरव्या पेन्सिलीने राजधानी निकोसियाच्या नकाशावर रेघ मारली, १९६४ मध्ये यूएनची फौज आली (आपले जनरल थिमय्या तिचे कमांडर होते, १९६५ मध्ये तिथेच वारले), आणि १९७४ मध्ये आधी ग्रीक लष्करशहांच्या पाठिंब्याने बंड, मग पाच दिवसांत तुर्की फौज, आणि ती रेघ बेटभर १८० किलोमीटरचा पट्टा होऊन बसली. थांबलं. पण बेट पुन्हा एक करायच्या २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांपैकी साधारण ६५ टक्के हो म्हणाले आणि ग्रीक सायप्रियटांपैकी ७६ टक्के नाही, म्हणजे मिटलं नाही. 'थांबलेली हिंसा' आणि 'मिटलेला वाद' असं लिहा.

मूळ प्रश्नकर्ती
पहिलं पटलं. दुसऱ्यात अडचण आहे, वाद मिटला नसतानाही पॉझिटिव्ह पीसचे तुकडे तिथे दिसतात. १९७८ पासून निकोसियाच्या दोन्ही भागांचे महापौर, ग्रीक बाजूचे लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की बाजूचे मुस्तफा अकिंजी, यांनी एकच सांडपाणी योजना राबवली, दोन्ही बाजूंत शांतता करारबिरार काही झालेला नसताना. आणि बेपत्ता २,००२ माणसांचे अवशेष शोधणाऱ्या समितीत दोन्हीकडचे शास्त्रज्ञ शेजारी बसून हाडं जुळवतात. याला मिटलेला वाद कसं म्हणणार?

प्रतिसाद ४
मग 'सलोखा'? पण सलोख्यात नुसती मनं जुळतात, न्यायाचं काय. उत्तरेतल्या तुर्की सायप्रियटांच्या राज्याला तुर्कस्तानशिवाय कोणी मान्यता देत नाही, दक्षिणेतल्यांची घरं अजून पलीकडे अडकलीत, अशा वेळी गोड बोलून भागत नाही. मी 'न्याय्य सलोखा' लिहीन, जरा लांब आहे पण अर्थ सुटत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
'थांबलेली हिंसा' आणि 'न्याय्य सलोखा', हेच घेते. पहिल्यांदा येतील तिथे इंग्रजी संज्ञा देवनागरीत शेजारी देईन.