स्विच ऑन केलं की झालं?? त्या व्हायरल व्हिडिओवरून

तिरकी_रेघ: तो व्हिडिओ एव्हाना सगळ्यांकडे फिरून आलाच असेल. छोटी पोरगी, ऑडिओलॉजिस्टने मशीन चालू केलं, पोरगी दचकली, आई रडली. इथवर ठीक. पण व्हिडिओ टाकणाऱ्या महाशयांनी वर लिहिलंय की आता कोक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं, आवाज विजेच्या रूपात थेट नसेपर्यंत पोचवणारं मशीन) आलंय, खुणांची भाषा म्युझियममध्ये ठेवा आणि जे आईबाप ऑपरेशन करत नाहीत त्यांच्यावर केस टाका. गप्प बसणार होते, नाही बसवत.

माझा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. ऐंशीच्या दशकातली त्याची शाळा, हात हलवले की पट्टी. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हणताना ती हलली पाहिजे, तासन् तास हेच. 1880 साली मिलानमध्ये ऐकू येणाऱ्या मास्तरांनी ठराव केला की खुणा बंद, फक्त बोलणं, आणि त्याची फळं आमच्या घरात शंभर वर्षांनी खाल्ली. शाळा संपेपर्यंत 'पपई' बरं म्हणायचा पण सरळव्याज कशाशी खातात ते माहीत नाही. ते त्याला नंतर मित्रांनी शिकवलं, खुणांनी, लोकलच्या दिव्यांग डब्यात. इम्प्लांटला माझा विरोध नाही. पण पोरगी दचकली म्हणजे तिला शब्द कळला असं नाही, त्याला पुढे वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं तिने कुठल्या भाषेत हट्ट करायचा?

मॅपिंगवाली_आई: भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही बहीण आहात, आई नाही. बेराचा, म्हणजे कानाच्या नसेच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला, दोन्ही कान प्रोफाउंड, म्हणजे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि डॉक्टर सांगतात पहिल्या काही वर्षांत मेंदूपर्यंत आवाज पोचला नाही तर नंतर मशीन लावून फार उपयोग नाही. मग काय, तो अठराचा होईपर्यंत थांबून त्याची परवानगी घ्यायची? माझा मुलगा दुसरीत आहे, साध्या शाळेत, आजीशी फोनवर भांडतो. रोज सकाळी मी तोंडापुढे हात धरून आ, ई, ऊ, म, श, स म्हणते, 'स' ऐकू आला नाही की पहिली शंका कॉइलवर, म्हणजे मशीनच्या डोक्याला बाहेरून चिकटणाऱ्या चकतीवर. थेरपिस्ट म्हणाली खुणा नको, आम्ही नाही केल्या, पोरगा बोलतो. बास.

कुडाळचो_एसटीवाला: तुमचा बोलतो कारण तुम्ही शहरात आहात ताई. सरकारच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी) इम्प्लांटला 7 लाखांपर्यंत मदत मिळते, वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेकडे सगळं असतं, पाच वर्षांच्या आत मूल पाहिजे, मुलीचं ऑपरेशन झालं, उपकार मानतो. पुढे? थेरपीला कोल्हापूर गाठायचं, घाट बंद झाला की तेही नाही. आमच्या पावसात मशीन कोरडं ठेवायची सिलिका जेलची डबी चार दिवसांत ओली होते. वॉरंटी संपल्यावर केबल हजारांत, नवीन प्रोसेसर, म्हणजे कानामागे लावायचा बाहेरचा भाग, लाखांत. बाजूच्या वाडीतल्या पोराचं मशीन कपाटात पडलंय. त्याला बोलणं आलं नाही आणि खुणा कोणी शिकवल्या नाहीत. बरं, आमची थेरपिस्ट म्हणते घरात एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा. आमच्या आयेक इंग्रजी येणार आहे का?

खडू_फळा: हे!! हेच कोणी बोलत नाही!! आईबापांना धड इंग्रजी येत नाही आणि मुलाशी दिवसभर 'कम बेबी, सिट बेबी'. वीस वर्षं मराठी शाळेत शिकवतोय, कान धडधाकट असलेल्या पोरांचंही तेच चाललंय, पट कमी झाला म्हणून आमची शाळा शेजारच्या शाळेत घातली आणि

मॅपिंगवाली_आई: सर, विषय काय, तुमचं काय.

खडू_फळा: विषय भाषेचाच आहे मॅडम. तुमचा मुलगा आजीशी भांडतो ते कुठल्या भाषेत?

मॅपिंगवाली_आई: मराठीत. थेरपीही मराठीतच घेतली, हट्टाने. खूश?

यारा_काठचा: मी मेलबर्नला असतो, 1978 मध्ये ग्रॅम क्लार्क या डॉक्टरने आपलं पहिलं मल्टिचॅनल (अनेक इलेक्ट्रोडवालं) इम्प्लांट इथेच बसवलं, त्याच्या स्वतःच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. इथे इम्प्लांटवाली मुलं घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आरामात बोलतात. आणि 26 वर्षांपर्यंत प्रोसेसरचा खर्च सरकारच बघतं.

कुडाळचो_एसटीवाला: बरं झालं सांगितलंत, उद्याच व्हिसा काढतो.

यारा_काठचा: माहिती दिली तर टोमणे. म्हणूनच तुमच्याकडे काही बदलत नाही.

तिरकी_रेघ: 'तुमच्याकडे' का? वा.

डावीकडून_बोला: एवढा वेळ वाचतोय, सगळे ऐकणारेच. मी बहिरा. तिसऱ्या वर्षी इम्प्लांट, खाजगीत, वडिलांनी प्लॉट विकला. बोलतो चांगला, अनोळखी माणूस म्हणतो "तुला तर सगळं ऐकू येतं". येत नाही. वर्गात पंखा, बाकांचा आवाज, मागून कोणीतरी विनोद करतो, सगळे हसतात, मी पण हसतो. अंघोळीला, पोहताना, झोपताना मशीन काढलं की मी बहिराच. चष्म्यासारखं लावलं आणि दिसलं असं हे नाही. कॉलेजात खुणा शिकलो तेव्हा पहिल्यांदा आठ जणांच्या गप्पांत कोणाचं काय चाललंय ते सगळं कळलं. मशीन फेकलं नाही, आत्ताही लावलंय. पण लहानपणी दोन्ही का नाही दिलं हे आईला विचारलं तर ती मॅपिंगताईंसारखीच चिडते.

मॅपिंगवाली_आई: चिडणारच! रोज सहा अक्षरं तुम्ही नाही विचारत, आई विचारते. खुणा सोप्या पडल्या की मूल बोलायचा कंटाळा करतं असं आम्हाला बजावून सांगितलं होतं, आणि त्या वेळी घाबरलेला माणूस सांगितलं ते करतो.

डावीकडून_बोला: बजावणाऱ्यांत बहिरा माणूस एक तरी होता का?

मॅपिंगवाली_आई: नव्हता. झालं समाधान? पोहण्याच्या क्लासला मशीन काढतो तेव्हा कोच ओरडत बसतो आणि हा बघत बसतो, तेवढ्यापुरत्या दहा-वीस खुणा शिकवीन. तेवढ्यापुरत्या. लगेच विजयोत्सव नको.

तिरकी_रेघ: दिल्लीच्या आयएसएलआरटीसीच्या (भारतीय खुणांच्या भाषेची सरकारी संस्था) शब्दकोशात 10,000 शब्द आहेत, व्हिडिओसकट, फुकट. दहा-वीस निघतील त्यातून.

मॅपिंगवाली_आई: टोमणा कळला.

कुडाळचो_एसटीवाला: तुमचं चालू द्या. मुलीची केबल काल पुन्हा गेली. कोणी अपग्रेड केलं असेल आणि जुनी चालू केबल पडून असेल तर मेसेज करा, मॉडेल सांगतो, पोस्टाचे पैसे मी देईन.

मॅपिंगवाली_आई: मॉडेल सांगा. माझ्याकडे एक आहे बहुतेक.

खडू_फळा: पण इंग्रजीचा मुद्दा कोणी खोडला नाही हे नोंदवून ठेवतो.