ऑफिसातले पॅनल लाइट डोळ्यांवर येतात, काय करावं? (बजेट ८ हजार)

वहीखातं: मंडळी, पुण्यात पेठेत हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. १२ बाय १८, उंची ९ फूट. छताला २ बाय २ चे चार एलईडी पॅनल, ३६ वॅटचे. दुपारनंतर डोळे चुरचुरतात, स्क्रीनमध्ये पॅनल दिसतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर टेबलावर ६२० लक्स येतात. जास्त आहेत का? जागा भाड्याची, छत फोडता येणार नाही.

पेठकर१: आम्ही इंटिरियरवाल्याकडून सगळं करून घेतलं. सव्वा लाख गेले, पण बघत राहावं असं झालंय.

चष्मिष: ब्ल्यू कट चष्मा घ्या. मी घेतला. डोकं अजून दुखतं, पण बायको म्हणते ते चहामुळे.

दिवेवाला: लक्स म्हणजे टेबलावर पडणारा उजेड. लिखापढीला ५०० धरतात, म्हणजे तुमचं ठीकच आहे. डोळे दिपतात ते दिवा नजरेला किती प्रखर दिसतो आणि त्याच्यामागचं छत, भिंती किती उजळ आहेत त्यावर. त्याचा आकडा म्हणजे यूजीआर. युरोपच्या मानकात ऑफिसला १९ पर्यंत, तांत्रिक ड्रॉइंगला १६. लक्सच्या अ‍ॅपवर तो येत नाही. खुर्चीत बसा, समोर बघा आणि कपाळाशी तळहात आडवा धरून पॅनल झाका. लगेच बरं वाटलं तर दोष पॅनलचा. भिंतींचा रंग कोणता?

वहीखातं: चॉकलेटी. घरमालकाची आवड.

दिवेवाला: मग अर्धं दुखणं तिथेच. भोवती काळोख असला की तोच दिवा जास्त टोचतो. आधी पांढरा रंग मारा, टेबल असं फिरवा की पॅनल स्क्रीनमध्ये येणार नाही. उरले पैसे तर मायक्रोप्रिझमचे पॅनल, म्हणजे बारीक खाचांच्या झाकणाचे, तिरपा डोळ्यांवर येणारा उजेड कमी करणारे. खोक्यावर ‘यूजीआर १९’ छापलेलं असतं, ते ठरावीक मापाच्या खोलीचं असतं, तुमच्या खुर्चीचं नव्हे.

पेठकर१: पिवळा उजेड लावा, शांत वाटतं.

रात्रपाळी: पिवळ्यात झोप येते हो. मार्चएंडला काय करणार?

चष्मिष: चष्म्याचं मी वर सांगितलंच आहे.

वहीखातं: सगळ्यांचे आभार. हात धरून पाहिला, दारासमोरचा पॅनल छळत होता. रंगाला घरमालक नाही म्हणाले. टेबल फिरवायचं तर आमच्या भाऊंना पूर्वेकडेच तोंड हवं. शेवटी इलेक्ट्रिशियनकडून तो एक पॅनल बंद करून घेतला, ९०० चा टेबल लॅम्प आणला. उरलेल्या पैशांत खुर्च्यांची चाकं बदलली, ती फारच करकरत होती.