मदत हवी आहे : बायकांचे जुने रॉक बँड, पण इंग्रजी नकोत

रेवाकाठ : मंडळी, जरा घाईत आहे. सगळ्याच बायका असलेले जुने रॉक बँड सांगा, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत गाणारे. कुठेही शोधलं की तेच समोर येतं, रनअवेज, गो-गोज, बँगल्स. ते माहीत आहेत, परत सांगू नका. शनिवारच्या आत दोन गाणी ठरवायची आहेत.

निवांत_पाटील : जुने म्हणजे किती? साठचं दशक की ऐंशीचं? आणि गाणी ऐकायला हवीत की वाजवायला?

रेवाकाठ : जुने म्हणजे आमच्या जन्माआधीचे. नावं द्या ना कुणीतरी.

निवांत_पाटील : तुमचा जन्म कधीचा हे आम्हाला स्वप्नात दिसणार का?

पेडणेकर_दोतोर : गोव्याची कोंकणी गायिका लॉर्ना ऐका. तिचं ‘बेबदो’ लावा, बाकी सगळं विसराल. तसा आवाज पुन्हा होणे नाही.

रेवाकाठ : दोतोर, लॉर्ना आवडतेच हो. पण मागे क्रिस पेरीचा बँड, सगळे पुरुष. मला गिटारपासून ड्रमपर्यंत बायकाच हव्यात.

साठोत्तरी : मग दारा पुस्पिता. इंडोनेशिया, सुराबाया शहर, सुरुवात 1964. तित्येक आणि लीस या बहिणी गिटारवर, तित्येक हमझा बासवर, सूसी नांदेर ड्रमवर. नुसत्या नटूनथटून उभ्या राहणाऱ्या नव्हेत, चौघीही वाजवणाऱ्या. काळ बघा : तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो पाश्चात्त्य रॉकला ‘ङाक-ङिक-ङोक’ म्हणून हिणवायचे आणि 1965 मध्ये कूस बंधू या तिथल्या बँडला बीटल्सछाप गाणी वाजवल्याबद्दल तुरुंगात टाकलं होतं. सत्ता फिरली आणि 1966 पासून या पोरींच्या रेकॉर्डी धडाधड आल्या. 1968 ला युरोपकडे निघाल्या त्या 1971 पर्यंत तिकडेच वाजवत होत्या. ‘मारी-मारी’ ऐका, गिटार कशी किंचाळते ते बघा. सब्लाइम फ्रीक्वेन्सीज या लेबलने 2010 मध्ये त्यांची 1966 ते 68 ची गाणी पुन्हा काढली, त्यामुळे आवाज बरा मिळतो. यापुढे या विषयात काही उरत नाही.

झुरिकची_सून : काका, उरतं की! क्लीनेक्स. आमच्या झुरिकचा बँड, 1978. वाजवायला शिकता शिकताच यांनी बँड उभा केला, म्हणून त्या गाण्यांत घोटीवपणा औषधालाही नाही. पुढे टिश्यू पेपरवाल्या कंपनीने नावावर हरकत घेतली आणि त्यांनी नाव बदलून लिलिपुट केलं. ‘डी मात्रोझेन’मधली शिट्टी एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही.

साठोत्तरी : ‘एन्ट यू’ हे त्यांचं गाजलेलं गाणं कोणत्या भाषेत आहे म्हणे? धागाकर्तीला इंग्रजी नको आहे. शिवाय पंक म्हणजे काही जुना रॉक नव्हे.

झुरिकची_सून : 1978 जुनं नाही? तुमच्या हिशोबाने मग मीही तरुणच. असो. शुद्ध जर्मन हवं तर मलेरिया, बर्लिन, 1981. गुद्रुन गुट आणि बेटिना क्योस्टर. ‘काल्टेस क्लारेस वासर’मध्ये शब्द मूठभर आणि तेच पुन्हा पुन्हा. पाठ करायला सोपं.

रेवाकाठ : ऐकलं, भारी आहे! पण त्यात सिंथ आहे आणि आमच्याकडे कीबोर्ड नाही.

निवांत_पाटील : “आमच्याकडे”? म्हणजे वाजवायची आहेत! ताई, हे वरच लिहायचं ना. कोण काय वाजवतं? कुठे वाजवणार?

रेवाकाठ : आम्ही चौघी. दोन गिटार, बास, ड्रम. बासवाली नुकती शिकतेय. 8 मार्चला कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. सगळ्यांना ठाऊक असेल असं वाटलं.

निवांत_पाटील : कुणाला?

ठाणे_पथक : महिला दिन असेल तर मुलींचं ढोल-ताशा पथक बोलवा. हॉल दणाणून जाईल. तालमीची कटकट तुम्हाला नाही.

रेवाकाठ : दादा, आम्हालाच वाजवायचं आहे.

बंडखोर_बटाटा : लास व्हुल्पेस! बास्क प्रांतातल्या बाराकाल्दोच्या पोरी. एप्रिल 1983, स्पेनचा सरकारी टीव्ही, शनिवारची सकाळ, घरोघरी मुलं टीव्हीसमोर. यांनी स्टूजेस या अमेरिकन रॉक बँडच्या चालीवर आपले स्पॅनिश शब्द घालून गाणं म्हटलं. इतका गदारोळ झाला की तो कार्यक्रमच गुंडाळावा लागला. कॉर्ड मोजून तीन. वाजवाच.

झुरिकची_सून : बटाटा, गाण्याचा अर्थही सांगा की. रेवा, आधी भाषांतर वाच आणि मग कॉलनीच्या अध्यक्षांचा चेहरा आठव.

बंडखोर_बटाटा : अध्यक्षांना स्पॅनिश कुठे येतं?

पेडणेकर_दोतोर : पोर्तुगीज चालेल का? साव पाउलोच्या मेर्सेनारियास. 1986 चा ‘कादे आस आर्मास’ अल्बम. एकेक गाणं सुरू होतंय म्हणेपर्यंत संपतं. उच्चारांचं काम आमच्या आजीकडे, ती व्हॉट्सॅपवर आवाज पाठवील. मात्र लॉर्ना ऐकायचीच.

निवांत_पाटील : बासवाली नवी आहे म्हणता, तर शोनेन नाइफ घ्या. ओसाका, 1981. तिघीच, गिटार, बास, ड्रम, बस. सुरुवातीची गाणी जपानीत, 1983 चा ‘बर्निंग फार्म’ ऐका. खाण्यापिण्यावर आणि बारीकसारीक वस्तूंवर गाणी आहेत, कुणी नाक मुरडणार नाही. याच बँडने पुढे 1991 मध्ये ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडच्या आधी स्टेज तापवलं.

साठोत्तरी : बालगीतं आहेत ती.

निवांत_पाटील : काका, ‘निर्वाणा’च्या गायकाला, कर्ट कोबेनला आवडली होती.

साठोत्तरी : त्याला काय, त्याला अजून बरंच काय काय आवडायचं. अहो, दोन गिटार, बास, ड्रम, दारा पुस्पिताची जुळणी तंतोतंत हीच आहे! आणखी काय हवं? एक लक्षात ठेवा, त्या रेकॉर्डींवर 1972 च्या आधीचं जुनं स्पेलिंग आहे, त्यात रोमन जे म्हणजे ‘य’. गाण्याचं नाव ‘सुराबाजा’ दिसेल, म्हणायचं ‘सुराबाया’.

रेवाकाठ : ‘मारी-मारी’ चौघींना पाठवलं, तिघींचा होकार आला. काका, कॉर्ड आहेत का तुमच्याकडे? आजच हवेत.

साठोत्तरी : कानाने काढून देतो. गाणार कोण? आवाज कुठल्या पट्टीत आहे? मूळ गाण्याच्या पट्टीत झेपेल का?

रेवाकाठ : बासवालीच गाणार आहे. पट्टी विचारून सांगते.

निवांत_पाटील : म्हणजे नुकती शिकणारी बास वाजवत गाणारसुद्धा?

रेवाकाठ : हो. का?

झुरिकची_सून : मलेरियाचं सिंथ दुसऱ्या गिटारवर बसेल बरं का. विचार करून बघा.